गावची वकीलबाई कोणाची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी दापोली तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते. मुंबईत काही वर्षे वकिली करून लग्नानंतर सासरी आले आणि गेली सहा वर्षे तालुक्याच्या न्यायालयात काम करते. निसर्ग चक्रीवादळात गावातली कौले उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पंचनाम्याचे आणि भरपाईचे अर्ज लिहून देण्यासाठी रविवारी सकाळी घराच्या पडवीत बसू लागले. ते बसणे आजतागायत चालू आहे. आता दर रविवारी वीस-पंचवीस माणसे येतात. मी कोणाकडून पैसे घेत नाही. न्यायालयातील सहकारी म्हणतात की तुमच्या फुकट सल्ल्याने आमची फी बुडते. गेल्या रविवारी भावकीतल्या एका विधवा काकूंना, वारसाच्या फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीतल्या बदलाला, हरकत घ्या, असे मी सांगितले. दोनच दिवसांनी ज्यांच्याविरुद्ध ती हरकत जाईल ते माझे चुलत दीर दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही गावच्या वकीलबाई ना? मग आमच्या नाही काय?" त्यातच ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतले एक पॅनेल फलकावर माझा फोटो मागते आहे. घरची माणसे म्हणतात, हे सगळे बंद कर. मी काय करावे?

उत्तर :

वकीलबाई, पडवीतला रविवार बंद करू नका. मात्र तो आज ज्या रीतीने चालला आहे त्या रीतीने पुढे चालवूही नका. तुमच्या दिरांनी विचारलेला प्रश्न रागातून आला असला तरी तो अयोग्य नाही, आणि त्याचे उत्तर त्यांना मिळायला हवे होते ते तुम्ही काकूंना सल्ला देण्याच्या आधी. म्हणून आधी त्या प्रकरणाचे पाहू, कारण त्यात दिवस मोजलेले आहेत.

पहिली गोष्ट, त्या जमिनीचा सातबारा काढून त्यावरची सगळी नावे स्वतः वाचा. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर पस्तीस-चाळीस नावे असणे नवलाचे नाही, आणि भावकीतली जमीन म्हटल्यावर त्या नावांत तुमचे यजमान किंवा सासरे असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर या प्रकरणात तुमच्या घराचाच आर्थिक संबंध आहे. जिथे आपला स्वतःचा आर्थिक हितसंबंध गुंतला आहे तिथे वकिलाने उभे राहू नये, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात, आणि यजमानांच्या हिश्श्याला परक्याचा हिस्सा मानण्याची पळवाट तुम्ही काढू नये असे मला वाटते. नाव नसले तरी ज्या पक्षाला आपण सल्ला दिला त्याच्याविरुद्ध त्याच वादात दुसऱ्याचे काम घेता येत नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. सल्ला पडवीत दिला आणि फी घेतली नाही, एवढ्याने तो सल्ला नव्हता असे होत नाही. तेव्हा दिरांना आदराने आणि स्पष्ट शब्दांत सांगा की या वादात मी तुमची वकील होऊ शकत नाही, तुम्ही दुसऱ्या वकिलांकडे जा. काकूंनी तुमच्याजवळ काय बोलून दाखवले ते दिरांना सांगू नका, यजमानांनाही सांगू नका, आणि सासूबाईंनी रात्री जेवताना विचारले तरी सांगू नका. काकूंनाही तितक्याच स्पष्टपणे कळवा की मी तुमची बाजू पुढे चालवू शकणार नाही, पण तुम्हाला वकील मिळेल याची सोय मी करून देते.

ती सोय हा काकूंचा कायदेशीर हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी त्यांचे उत्पन्न पाहिले जात नाही. त्याच कलमात मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेले लोकही आहेत. म्हणजे निसर्ग वादळानंतर तुमच्या पडवीत अर्ज घेऊन बसलेल्यांपैकी बहुतेकांचा हा हक्क तेव्हाच होता, आणि तो त्यांना कोणी सांगितला नव्हता. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. काकूंचा अर्ज तिथे लिहून द्या आणि त्यांच्याबरोबर एकदा जाऊन खिडकी दाखवा. ज्यांना चालवत नाही किंवा एस.टी.चे भाडे परवडत नाही त्यांना १५१०० हा मदतीचा क्रमांक लिहून द्या.

यावर मी थोडा रेंगाळतो, कारण तुमच्या पत्रात मला जी थकवट दिसली तिचे मूळ इथे आहे असे मला वाटते. वीस-पंचवीस माणसे तुमच्या पडवीत येतात ती तुमच्या चांगुलपणाच्या आशेने येतात. चांगुलपणा मागावा लागतो, त्याची परतफेड कशी करायची याचा विचार माणसाच्या मनात राहतो, आणि तो एकाला मिळाला व दुसऱ्याला मिळाला नाही की दुसरा दुखावतो. हक्काचे तसे नसते. हक्काने मिळालेल्या वकिलाला काकू प्रश्न विचारू शकतील, तो तारखेला आला नाही तर समितीकडे तक्रार करू शकतील. तुमच्याकडे मात्र त्या मान खाली घालूनच बसतील. तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा इकडे अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चौथ्या वर्षाच्या अखेरीला आला होता. बॅरिस्टर असलेल्या आंबेडकरांनी कुळांसाठी खोताकडे दयेची याचना केली नाही, कायदा मागितला. तो कायदा यायला १९४९ साल उजाडले, पण आज तुम्ही पडवीत बसून ज्या कुळाची नोंद शोधता, ती नोंद शोधण्याजोगी झाली ती त्या मागणीमुळे. कोकणातल्या वकिलाच्या समाजसेवेचा वारसा मी इथे पाहतो.

आता माझी एक चूक सांगतो. वकिलीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्याच वाडीतले दोन भाऊ एका गडग्यावरून भांडत होते. चिऱ्यांचा जुना गडगा, एका बाजूने कोसळलेला, आणि तो पुन्हा रचताना धाकट्याने तो हातभर पुढे सरकवला असे थोरल्याचे म्हणणे. दोघेही वेगवेगळ्या दिवशी माझ्या ओटीवर आले आणि मी दोघांचेही ऐकून घेतले. मनात हेतू चांगला होता, घरच्या घरी मिटवावे असा. थोरल्याने मला विश्वासाने सांगितले की जुन्या मोजणीचा नकाशा आपल्याकडे आहे, पण तो आपल्याला फारसा अनुकूल नाही. आठ दिवसांनी धाकट्याशी बोलताना, "मोजणी मागवून घ्या, त्यात तुमचे नुकसान नाही," असे माझ्या तोंडून गेले. एवढे एकच वाक्य. तडजोड फिसकटली, दावा दाखल झाला, आणि थोरला भाऊ पुढची अनेक वर्षे मला देवळाच्या सहाणेवर पाहून तोंड फिरवत राहिला. त्याचे चुकले नव्हते. त्या दिवसापासून मी एक रीत पाळली ती तुम्हाला देतो : माणूस पडवीत बसला की त्याची हकीकत ऐकण्याआधी, सामनेवाला कोण, हे विचारायचे आणि ते नाव तारखेसह वहीत लिहायचे. वहीत ते नाव आधीच आलेले असेल तर पुढे एक शब्दही ऐकायचा नाही. पाहुणचार करायचा, समितीचा पत्ता द्यायचा आणि निरोप द्यायचा. गाव लहान असल्यामुळे सुरुवातीला लोकांना हे रुक्ष वाटेल. सहा महिन्यांत तेच लोक म्हणू लागतील की वकीलबाईंकडे सांगितलेले बाहेर जात नाही.

मग पडवीत उरते काय, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते सगळ्यात मोलाचे काम तेच उरते, आणि ते म्हणजे कागद वेळेवर वाचून दाखवणे. आपल्याकडची बरीच प्रकरणे कायदा प्रतिकूल असल्याने हरत नाहीत, मुदत निघून गेल्याने हरतात. फेरफाराची नोटीस आली की हरकतीला १५ दिवस असतात. महसूल अधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करायला ६० दिवस असतात. दिवाणी दाव्याचे समन्स हातात पडले की ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते आणि फार तर ९० दिवसांपर्यंत सवलत मिळते. खाकी पाकिटातला तो कागद देव्हाऱ्याच्या फळीवर पंचांगाखाली ठेवून माणसे मुंबईच्या मुलाची वाट पाहतात, मुलगा मे महिन्यात येतो, आणि तोपर्यंत एकतर्फी हुकूम झालेला असतो. हे तुम्हीही पाहिले असेल. म्हणून पडवीत येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा की कागद हातात कधी पडला. उरलेला सल्ला नंतर. आणि फेरफाराबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा, कारण भावकीतले निम्मे वैर तिच्या अज्ञानातून येते : महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, सातबाऱ्यावरून नाव गेले म्हणून हक्क गेला असे नसते. नोंद दुरुस्त करून घेतली पाहिजे हे खरे, पण त्यासाठी कोयती उगारण्याची गरज नाही.

पडवीची एक अडचण आहे जी तुमच्या पत्रात आलेली नाही आणि म्हणूनच मी ती काढतो. पडवी उघडी असते. वीस माणसे पाटावर आणि पायरीवर बसलेली असताना पाखाडीची वहिवाट किंवा पोटहिश्श्याची मोजणी यावर मोठ्याने बोलता येते, पण नवऱ्याच्या मारहाणीविषयी बोलता येत नाही, मुलाने घरातून काढले हे म्हातारी आई सांगू शकत नाही. अशी बाई रांगेत बसते, रेशनकार्डाचे काहीतरी विचारते आणि उठून जाते. तिच्यासाठी महिन्यातली एक दुपार माजघरात ठेवा, त्या दिवशी पुरुष मंडळींना येऊ देऊ नका आणि त्या दुपारला काही नावही देऊ नका. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना तेवढे सांगून ठेवले की पुरे, कोणाला पाठवायचे ते त्यांना बरोबर कळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, हे पुष्कळ बायकांना माहीत नसते. घर सोडावे लागेल या भीतीने त्या गप्प राहतात. मुलगे मुंबईला आणि आईवडील गावी एकटे, हे चित्र तर तुमच्या वाडीत घरटी असेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे निर्वाहाचा अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि वकिलावाचून चालावे अशीच त्या कायद्याची कल्पना आहे, तेव्हा अर्ज नीट लिहून देणे हीच तिथे वकिलाची खरी मदत.

गणपतीत मात्र तुम्ही जरूर बसा, मग भले इतर दोन रविवार चुकले तरी चालतील. चाकरमानी येतात, माहेरवाशिणी येतात, आणि हक्कसोडपत्रे होतात तीही त्याच दिवसांत. मी पाहिलेली एक संध्याकाळ सांगतो. गौरींसह गणपती पाण्यात सोडून मंडळी परतली होती, पायांना अजून पुळणीची ओली वाळू होती, रात्रीची मुंबईची गाडी गाठायची म्हणून बहीण पिशव्या बांधत होती आणि भावाने चुलीजवळच तिच्यापुढे टंकलेला कागद धरला. "उद्या सकाळी थांब, नोंदणी कार्यालयात एक सही आहे, नुसता कागदोपत्री प्रकार आहे." तिने मला विचारले, सही करू का? मी म्हटले, करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण आधी हा मजकूर मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो. वाचून झाल्यावर तिने घरातली एक खोली आणि आंब्याची चार कलमे आपल्या नावे ठेवण्याची अट घातली, भावानेही ती मान्य केली, आणि दोघांचे आजही बरे चालले आहे. या बहिणींना एवढे तरी कळायला हवे की ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, त्या दिवशी वडील हयात असायला हवेत अशी अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे, आणि नोंदवून दिलेले हक्कसोडपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. भावाला हिस्सा सोडून देणे हा बहिणीचा निर्णय असू शकतो आणि पुष्कळदा तो प्रेमाचाच असतो. तो समजून घेतलेला असावा, एवढेच आपण पाहायचे.

सहकाऱ्यांच्या तक्रारीविषयी. ज्याला वकिलाची खरी गरज आहे पण पुरते पैसे देता येत नाहीत त्याला आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत विनामूल्य साह्य करणे हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, हे बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलेले आहे. त्यात ऐपतीची मर्यादा आहे हेही ध्यानात ठेवा, कारण ती मर्यादा तुमच्या संसाराचे रक्षण करते. शिवाय पडवीत येणारा माणूस तुम्ही नसतात तर त्यांच्या कचेरीत गेला असता असे नाही. तो तहसीलबाहेरच्या दलालाकडे गेला असता. तरीही त्यांच्या तक्रारीत एक शंका दडलेली आहे, की पडवीतून तुम्ही पक्षकार गोळा करता. ती पुरती दूर करा. पडवीत आलेले कोणतेही प्रकरण फी घेऊन चालवायचे नाही, हे स्वतःला बांधून घ्या आणि बार रूममध्ये सांगूनही टाका. ज्याची ऐपत आहे त्याला दोन-तीन वकिलांची नावे द्या आणि निवड त्याच्यावर सोडा. मी हा नियम कठोरपणे पाळला, त्यात काही चांगली प्रकरणे हातची गेली, पण ज्यांच्याकडे ती गेली ते वकील पुढे माझ्या गावच्या शिबिरांना स्वतःहून येऊ लागले. समितीच्या वकिलांच्या यादीत तुमचेही नाव द्या. तिथून नेमणूक झालेल्या कामाचे मानधन प्राधिकरण देते आणि पक्षकाराकडून काही घ्यायचे नसते. नारळ, कोकमाची पुडी, सकाळी उतरलेली बांगड्याची वाटणी अशा गोष्टी मात्र नाकारू नका. गावात घरोघरी जे दिले-घेतले जाते ते तुमच्या घरी आले तर ती लाच होत नाही, आणि परत पाठवले तर देणाऱ्या म्हातारीचा अपमान होतो. तारीख जवळ आलेल्या माणसाने आणलेली आंब्याची पेटी तेवढी परत करा.

फलकावर फोटो देऊ नका. वकिलाला जाहिरात करता येत नाही हे एक कारण झाले. दुसरे असे की त्या फलकाच्या दुसऱ्या दिवसापासून विरोधी पॅनेलच्या वाडीतली माणसे तुमच्याकडे समन्स वाचून घ्यायला येणार नाहीत.

घरच्यांचे म्हणणे मला मनापासून पटते, कारण घर त्यांचेही आहे आणि दर रविवारी सकाळी त्यांच्या दारात गर्दी असते. जागा बदला. शाळेचा वर्ग, वाचनालय, सहाणेजवळचा मंडप, जे मिळेल ते. महिन्यातून दोन रविवार, नऊ ते बारा, आणि बाराला वही मिटायची. गावातल्या बारावी झालेल्या दोन-तीन मुलामुलींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला पाठवा. अर्ज भरणे, पोच घेणे, ऑनलाइन सातबारा काढणे ही कामे ती तुमच्यापेक्षा झटपट करतील. मिटण्याजोगी प्रकरणे लोकअदालतीकडे न्या. न्यायालयात न गेलेला वादही तिथे ठेवता येतो, आणि तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अंतिम असतो, त्यावर अपील नाही. नेमके म्हणूनच तडजोडीवर अंगठा उमटण्यापूर्वी ती माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणारे कोणीतरी जवळ असायला हवे.

हे सगळे पुढच्या महिन्यापासून करता येईल. काकूंचे तसे नाही. तुम्ही त्यांना हरकत घ्यायला सांगितलेत, पण नोटीस त्यांच्या हातात कोणत्या तारखेला पडली ते तुमच्या पत्रात नाही. हरकत नुसती तोंडी सांगून, पोच न घेता त्या परत आल्या नाहीत ना, हे आजच विचारा. हरकत लेखी दिलेली बरी, पण ती तोंडी असली तरी तलाठ्याने तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यायची आणि लेखी पोच द्यायची, अशी कायद्यातच तरतूद आहे. तो पोचेचा कागद काकूंच्या हातात आहे हे डोळ्यांनी पाहा आणि मगच त्यांना समितीकडे घेऊन जा.